नानांचा वाढपी

माईकमध्ये फुंकर मारणाऱ्याच्या हातून नाना माईक काढून घेत. तो कोण आहे हे पाहत नसत. धुळ्याच्या एका वाचनालयाच्या वार्षिक सभेत त्यांनी खुद्द अध्यक्षांच्या हातून तो काढून घेतलेला मी पाहिला आहे. अध्यक्षांनी 'फू, फू' केलं. नाना मागच्या रांगेतून उठले, सावकाश चालत मंचावर गेले, माईक घेतला, खिशातल्या धुतलेल्या रुमालाने पुसला आणि म्हणाले, "फुंकायला ही चूल शे का, भाऊ?" मग माईक परत हातात दिला आणि जागेवर येऊन बसले. सभागृह हसलं. अध्यक्षही हसले, पण पुढचा तासभर ते माईकपासून असे लांब बसले, जणू चटका बसेल.

बाजारपेठेमागच्या एका बोळात नानांचं दुकान होतं. आधी तिथे रेडिओदुरुस्ती चालायची. रेडिओ गेले, नाना राहिले. दारावर पाटी होती: 'ध्वनिव्यवस्था मिळेल. फक्त बोलण्यासाठी.' ही पाटी कुणी वाचत नसे. एकदा माझ्यासमोरच दोघं जण हळदीसाठी साउंड विचारायला आले.

"नवरदेव काही बोलणार शे का?" नानांनी विचारलं.

"हळदीत काय बोलेल, नाना? नाचेल."

"आणि नवरी?"

"ती पण नाचेल."

"मंग माझं काय काम तिथे?"

दोघं एकमेकांकडे बघत निघून गेले. नाना माझ्याकडे वळले. "गाणं नीट ऐकू आलं नाही तरी माणूस नाचतो. बोलणं ऐकू आलं नाही तर काय करतो? मान हलवतो. त्याला काही कळलेलं नसतं, आणि बोलणाऱ्याला वाटतं, कळलं."

मी नानांकडे पोचले ती रागाने. जळगावात मी डाळमिलमध्ये काम करणाऱ्या बायकांबरोबर काम करत होते, अजूनही करते. एका मिलमध्ये चाळणीवरच्या बायका धुळीने खोकून खोकून बेजार झाल्या होत्या, त्यांची सभा घ्यायची होती. आणि जळगावातल्या एकाही साउंडवाल्याने आम्हाला माईक दिला नाही. एकानेही नाही! मिलमालकांच्या घरची लग्नं त्यांना हवी होती. कुणाचा अॅम्प्लिफायर अचानक बिघडला, कुणाचा माणूस गावी गेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, धुळ्याला एक म्हातारा आहे, तो कुणालाही देतो, पण त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

मी एसटीने धुळे गाठलं आणि नानांना सगळं सांगितलं. मिल, धूळ, मालक, अन्याय. नानांनी एकच विचारलं, "किती जण बोलतील?"

"नाना, आम्ही मिलमालकांच्या विरोधात..."

"ते झालं. किती जण बोलतील?"

"तुम्हाला नंतर त्रास होऊ शकतो, म्हणून आधीच..."

"बेटा, मला तीन माईक आणायचे की सहा?"

सहा, म्हटलं. ते सहा घेऊन आले. सभेत मी बोलले. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. चौकात पत्रक वाटताना रिक्षावाल्याच्या हॉर्नवरून ओरडायची सवय, लिहितानाही वाक्य संपलं की उद्गारचिन्ह. माईक तोंडाला लावला आणि सुरू झाले. खाली उतरल्यावर वाटलं, म्हातारा म्हणेल, वा. नाना म्हणाले, "तू बोलत नाहीस. वाटतेस." त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव पाडलं पत्रक. "ए पत्रक, चहा घेशील का?" माझं खरं नाव त्यांनी पुढे कधी घेतलं नाही. त्यांचं मी विचारलं नाही. सगळे नाना म्हणत, मीही नाना म्हटलं.

सभा चालू असताना नाना मंचाकडे बघत नसत. शेवटच्या रांगेत, शक्यतो सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसत आणि लोकांच्या माना बघत. मान पुढे आली म्हणजे ऐकू येत नाहीये. मान मागे गेली म्हणजे जास्त होतंय. मान वळली म्हणजे भाषण वाईट आहे, "आणि त्याला माझ्याकडे इलाज नाही."

मग त्यांचं ते यंत्र. पोलादी डब्यासारखं, पुढे दिव्यांची रांग. त्याला नाना 'वाढपी' म्हणत. त्याचं कौतुक ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं घरातल्या कर्त्या माणसाबद्दल बोलताहेत. मला ते यंत्र वरण-बट्टीच्या पंगतीत कळलं. जामनेरच्या बाजूला कुणाकडे तरी जेवायला बसलो होतो, मी शेजारी, आणि वाढणारा वरणाची बादली घेऊन रांगेतून चालला होता.

"बघ," नाना म्हणाले. "टेबलावर सहा माईक. सहाही उघडे ठेवले तर काय होतं? बोलणारा एक, पण पंखा सहा जागेवरून आत येतो, खोकला सहा जागेवरून, चहाच्या कपाचा खणखणाट सहा जागेवरून. बठ्ठं मिळून भोंगा कोकलायला लागतो. म्हणून पूर्वी मी बटणांवर बोटं ठेवून बसायचो. हा बोलला, याचं वर. तो बोलला, त्याचं वर. पण माणूस बोलायला लागल्यावर माझं बोट पोचणार ना? पहिला शब्द गेलाच. आता हा वाढपी शे. याच्याकडे वरण एकच बादली. ती कमी होत नाही, जास्त होत नाही. जो बोलतोय त्याच्या ताटात वाढतो, बाकीच्यांना थेंब थेंब. दुसरा बोलला की लगेच तिकडे. दोघं एकदम बोलले तर वाटून. माझं बोट लागत नाही."

"म्हणजे यंत्र न्याय करतं," मी म्हटलं. मला असे शब्द आवडतात.

नानांनी बट्टी मोडली. "न्याय कुठला? वाढप्याला भूक दिसत नाही. ताट पुढे आलेलं दिसतं."

मला ते वाक्य त्या वेळी फारसं पटलं नाही. मी विसरून गेले.

त्या यंत्रावर एक बटण होतं, अध्यक्षांसाठीचं. ते दाबलं की एकाच माईकला आधी वाढलं जायचं, तो बोलला की बाकी सगळे गप. नानांनी त्या बटणावर एम-सील लावून ते बुजवून टाकलं होतं. एका पुढाऱ्याच्या कार्यक्रमात त्याचा स्वीय सहायक येऊन म्हणाला, "साहेबांचा माईक सगळ्यांपेक्षा मोठा ठेवा."

"बोलले की आपोआप होईल."

"नाही, आधीपासून मोठा ठेवा."

"गप बसलेल्या माणसाचा आवाज मोठा कसा करू, भाऊ? हे मला कुणी शिकवलं नाही."

मला हे ऐकून केवढा आनंद झाला होता! आणि दुसऱ्याच आठवड्यात कळलं की नाना त्याच डाळमिलवाल्यांच्या संघटनेच्या बैठकीला माईक लावून आले. मी फोनवरच भांडले. म्हटलं, जुलूम चालू असताना मधोमध उभा राहणारा माणूस मधोमध नसतो, तो जुलमाच्या बाजूचा असतो. हे वाक्य आमच्या पत्रकात होतं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं बोलणं झालं?"

"झालं."

"त्यांचंही असंच पूर्ण होऊ दिलं मी. एवढंच."

मी फोन ठेवून दिला. दोन महिने बोलले नाही.

पण सुनावणी आली, आणि पुन्हा जळगावात माईक मिळेना, म्हणून मला नानांकडेच जावं लागलं.

सुनावणी म्हणजे आमच्या तक्रारीवरून नेमलेल्या चौकशी समितीसमोर बायकांची साक्ष. तीन सदस्यांची समिती, अध्यक्ष एक बाई, कडक आणि वेळेच्या पक्क्या. मिलचा मॅनेजर एकच गोष्ट धरून बसला होता: आजवर एकाही बाईने धुळीबद्दल तोंडी तक्रार केलेली नाही. आमची सगळी भिस्त एका अक्कावर होती. अक्का चाळणीवर वीस वर्षं उभी राहिलेली. धूळ खाऊन खाऊन तिचा आवाज गेला होता. जवळ बसलं तर कळायचं, हातभर लांब गेलं तर नुसता वारा. समितीला भेटायचं ठरलं तसं मुकादमाने तिला चाळणीवरून काढून अंगण झाडायला लावलं होतं. साक्ष वाया गेली असती, तर ती मिलविरुद्ध बोललेली बाई म्हणून कायमची अंगणातच राहिली असती, आणि बाकीच्या बायका पुन्हा कधी बोलल्या नसत्या. समितीने आधीच सांगितलं होतं, इतिवृत्त रेकॉर्डिंगवरून होईल. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल ते बोललं गेलं. बाकी नाही.

सहा माईक लागले. समितीचे तीन, मॅनेजरचा एक, अक्काचा एक आणि तिच्या शेजारी सोबतीण म्हणून माझा एक. सुरू होण्याआधी नाना माझ्याजवळ आले. "अक्का बोलेल तेव्हा तुझ्या माईकचं बटण बंद ठेव."

मी उसळले. "मला गप करता? इथेसुद्धा?"

 कुणाचाही माईक नानांनी स्वतःच्या हाताने कधी बंद केला नव्हता, करणारही नव्हते, हे मला ठाऊक होतं. "बरं," म्हणाले. "माईक तुझा शे." आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

अक्का बोलायला लागली. आमच्याकडे कुणी सांगू लागलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. 'हां' म्हणावं लागतं. नाही दिला तर सांगणारा थांबतो आणि विचारतो, "आइकी ऱ्हायनी ना?" अक्का तर दर वाक्याला माझ्याकडे बघायची. मी हुंकार देत होते. "हां, अक्का." "बरोबर, अक्का." "बोला, अक्का, घाबरू नका." मधेच नानांनी मागून तोंडावर बोट ठेवलं. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि आणखी जोरात म्हटलं, "हां!"

अक्काची साक्ष झाली. मला वाटलं, जिंकलो. बाहेर येऊन मी तिला मिठी मारली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन आठवड्यांनी इतिवृत्ताचा मसुदा आला. अक्काच्या साक्षीचं पान मी बसस्टँडवर उभ्याने वाचलं.

'साक्षीदार: (अस्पष्ट). प्रतिनिधी: हां, अक्का. साक्षीदार: (अस्पष्ट). प्रतिनिधी: बरोबर, अक्का. साक्षीदार: (अस्पष्ट). प्रतिनिधी: हां! पंखाच नाही ना!'

पूर्ण पान असं. सोबत मॅनेजरचं निवेदन: मिलमध्ये धूळ ओढणारा पंखा बसवलेला आहे, फोटो जोडला आहे, कार्यकर्त्यांच्या पत्रकातलं 'मिलमध्ये पंखाच नाही!' हे विधान धादांत खोटं आहे. खरंच, फोटोत भिंतीत बसवलेला मोठा पंखा होता. ते पत्रक मी लिहिलं होतं. हरकत नोंदवायला सोमवारपर्यंत मुदत. त्या दिवशी शुक्रवार.

मी धुळ्याची बस पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, माझ्या डोक्यात एकच होतं: म्हातारा विकला गेला. मिलवाल्यांचा माईक लावतो, त्यांचं मीठ खातो. दुकानात शिरले ती मसुदा टेबलावर आपटूनच.

"किती घेतले त्यांच्याकडून?"

नानांनी चष्मा लावला. पान वाचलं. उलटून दुसरं वाचलं. मग उठून यंत्र लावलं आणि म्हणाले, "बस. दिवे बघ."

समितीला दिलेलं रेकॉर्डिंग त्यांनी लावलं, आणि त्याबरोबर वाढप्याने त्या दिवशी कुणाला किती वाढलं त्याची नोंद. यंत्रावर दिव्यांचे सहा पट्टे होते, प्रत्येक माईकचा एक. अक्काचा पट्टा हळूहळू वर चढायचा, अर्ध्यापर्यंत यायचा, आणि तेवढ्यात माझा पट्टा उसळायचा. "हां, अक्का!" अक्काचा धाडकन खाली. तो पुन्हा चढायला लागायचा, की "बरोबर, अक्का!" पुन्हा खाली. अक्का बोलतच होती. तिचे ओठ हलत होते हे मला आठवत होतं. भोंग्यातून आणि रेकॉर्डिंगमध्ये मात्र मी येत होते. फक्त मी.

"तू तिच्या पुढे ताट धरत होतीस," नाना म्हणाले. "आपलं."

  वर्षभर मी बायकांचा आवाज, बायकांचा आवाज म्हणून ओरडत होते. आणि त्या एका दिवशी, ज्या दिवशी ऐकलं जाणार होतं, त्या दिवशी मी माझ्या 'हां'ने तो खाऊन टाकला होता. कुणा मालकाने नाही. मी.

"संपलं मग," मी म्हटलं.

"काय संपलं?"

"साक्ष. अक्का."

"बोलली ना ती? मंग जाईल कुठे?" नानांनी कपाट उघडलं. आत पाकिटं रचून ठेवलेली होती, प्रत्येकात एक मेमरी कार्ड, वर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. "वाढप्याने वाढायच्या आधी प्रत्येकाचं वेगळं ठेवतो मी. माईकमधून जसं आलं तसं. अक्काचं पूर्ण शे."

मी जवळजवळ पाकिटावर झडप घातली. नानांनी ते मागे घेतलं.

"हे तुझं नाही."

"नाना, सोमवारपर्यंत मुदत आहे!"

"समितीने एकत्र मागितलं होतं, ते दिलं. वेगळं ज्याचं त्याचं. मी ते दुसऱ्याला देत नाही. अक्काचा आवाज अक्काला देईन. तिला घेऊन ये."

"तिला सुट्टी रविवारी असते. सोमवारी शेवटचा दिवस!"

"मंग रविवारी ये."

मी नानांना म्हातारा हेकट, कायदेबाज, असं काहीबाही बोलले. ते चहा टाकायला आत गेले.

रविवारी अक्काला घेऊन गेले.  बसमध्ये पारोळ्याला ती म्हणाली, "ताई, तठे काय लिखेल शे मनं?" मी खरं सांगितलं. काहीच लिहिलेलं नाही, अक्का, माझ्यामुळे.  "मी तं बोलनी व्हती," ती एवढंच म्हणाली.

नानांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, पाकीट आधी तिच्या हातात ठेवलं आणि मग तिच्याकडून परत मागून घेतलं. "लावू का, अक्का?" तिने मान हलवली. नाना माझ्याकडे वळले. "पत्रक, तू तोंड मिटून बस."

आणि अक्काचा आवाज आला. घोगरा, कापरा, पण शब्द न् शब्द. ती दचकली. "ही मी शे?" मग हळूच, "इतला मोठा आवाज मना शे?"

"तुमचाच, अक्का. मी काही वाढवलं नाही."

आतली अक्का बोलत होती: "पंखा शे ना साहेब. भितमा शे, वरे. पन तो चालू नई करतस. चालू करा की चुनी उडी जास, मंग मुकादम वरडस. तपासाले साहेब येतस, त्या दिनले चालू करतस. मी मुकादमले तीन डाव सांगं, खोकला थांबत नई, पंखा लाव. तो बोलना, नई झेपस तं घर बस."

चुनी म्हणजे डाळीचा चुरा, ढोरांचं खाद्य म्हणून विकला जातो. तो उडू नये म्हणून पंखा बंद! आणि ही गोष्ट अक्का मला आधीही सांगायला आली होती, एकदा नाही, कितीदा. "ताई, पंखा शे पन..." म्हणायची, आणि मी म्हणायचे, "हां अक्का, पंखा नाही, बरोबर!" तिच्या 'पन'च्या पुढे मी कधी गेलेच नव्हते. माझं पत्रक खोटं होतं. अक्काची गोष्ट खरी होती आणि माझ्या खोट्यापेक्षा कितीतरी भारी होती. तोंडी तक्रार नाही म्हणता? तीन वेळा! पंखा आहे म्हणता? आहे, आणि बंद आहे!

मला ओरडावंसं वाटत होतं. नानांनी माझ्याकडे बोट उगारलं. मी ओठ चावून बसले.

तेवढ्यात खोलीत कुणीतरी म्हणालं, "हां." मी चमकून पाहिलं. अक्का होती. ती मान हलवत, डोळे मिटून, स्वतःच्याच आवाजाला हुंकार देत होती. "हां... हां... अशेच व्हतं." नाना हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग मीही हसले आणि मला रडू आलं, आणि अक्का म्हणाली, "काब्र रडस वं माय? सापडनं ना?"

सापडलं होतं. बसमध्ये परतताना मला एवढं हलकं वाटत होतं की मी कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडायचंसुद्धा विसरले.

सोमवारी अक्काने ते पाकीट पदराच्या गाठीत बांधून आणलं आणि स्वतःच्या हाताने समितीपुढे ठेवलं. नाना पहिल्या बसने आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. अध्यक्ष बाईंनी विचारलं, "हे वेगळं रेकॉर्डिंग तुम्ही त्याच दिवशी का दिलं नाही?"

"ते तुमचं नव्हतं, बाई."

"मग कुणाचं?"

"या अक्काचं. त्या आता देताहेत."

मॅनेजर उठला. हे मागून बनवलेलं असेल, साउंडवाला यांच्याच ओळखीचा आहे, असं बोलू लागला. नानांनी पिशवीतून दुसरं पाकीट काढलं.

"भाऊ, तुमचंही शे. त्या दिवशीचं तुमच्या माईकचं. शेजारच्याशी हळू बोललात तेही आलंय त्यात. तुम्ही मागितलं नव्हतं म्हणून दिलं नाही. घ्या. अक्काच्या पाकिटाशी ताडून पाहायचं असेल तर समितीला द्या. नसेल तर खिशात ठेवा. तुमचं शे."

मॅनेजरने पाकीट घेतलं. एकदा नानांकडे पाहिलं, एकदा पाकिटाकडे. मग ते खिशात घातलं आणि बसला. हरकत त्याने पुढे नेली नाही.

त्यात काय होतं, हे मी नानांना पुढे कितीदा विचारलं! विनवण्या केल्या, भांडले, जनतेचा अधिकार आहे, असंही म्हणून पाहिलं. "त्याचं शे," एवढंच उत्तर. नाना गेल्या वर्षी दुकान बंद करून लेकीकडे सुरतेला राहायला गेले. जाताना कपाटातली उरलेली पाकिटं ज्याची त्याला पोचवायला महिना घालवला. त्यातलं एक माझं होतं. मी अजून ऐकलेलं नाही. धीर होत नाही.

त्या सोमवारी समितीने अक्काची साक्ष नोंदवली, पूर्ण, तिच्याच शब्दांत. इतिवृत्त तिला वाचून दाखवलं. तिने एका जागी थांबवलं, "तीन डाव नई, चार डाव. आते आठवनं." तेही लिहिलं गेलं. बायकांची छाती तपासायचा आदेश निघाला आणि समिती न सांगता मिलमध्ये जाऊन उभी राहिली. आम्हाला बरोबर घेतलं.

अध्यक्ष बाईंनी मुकादमाला पंखा लावायला सांगितला. तो म्हणाला, रोजच लावतो, साहेब. बटण दाबलं. पंखा आधी नुसता थरथरला, मग अशी किंचाळी मारून फिरायला लागला की बायकांनी कानांवर हात ठेवले. पण धूळ उठून सरळ भिंतीकडे निघाली. अक्का चाळणीजवळ, तिच्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली होती.

मला राहवलं नाही. नानांना फोन लावला, काही न बोलता तो पंख्याकडे धरला, मग बाहेर येऊन कानाला लावला. "नाना, ऐकलंत? पंखा! चालू झाला!"

पलीकडे नाना गप्प होते. मी वाट पाहिली. वाटलं, गहिवरले असतील.

"बेअरिंग कोरडं शे," ते म्हणाले. "रोज फिरणारा पंखा असा नाही ओरडत. हा कित्येक महिने फिरलेला नाही. बाईंना सांग लिहून घ्यायला."

मी आत जाऊन सांगितलं. अध्यक्ष बाईंनी पंख्याकडे कान दिला, मुकादमाकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मग मी पुन्हा फोनवर आले.

"लिहिलं, नाना."

"आणि आता त्याला ग्रीस द्यायला सांग," नाना म्हणाले. "बायका तिथे दिवसभर उभ्या राहतील. एकमेकींचं बोलणं ऐकू यायला नको का?"

त्याच दुपारी मिलचा फिटर शिडी लावून वर चढला. शिडी अक्काने धरली होती.